ताणातलं झाड

मेलेलं झाड पडतं. ताणातलं झाड फुटतं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने आमच्या धंद्यात येऊ नये, आणि आलाच तर माझ्या दोराला हात लावू नये. मी पहिलं फुटलेलं झाड पाहिलं ते चिपळूणजवळ, एक शिरीष. त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा खालचा जबडा शोधायला आम्ही सगळे गवतात रांगत होतो. तो माणूस जगला. पण नंतर त्याच्या घरात कुणी त्याच्यासमोर बसून जेवत नसे, असं ऐकलं.

मी शलाका भुवड, झाडांची सर्जन. "झाडांना कसला डॉक्टर?" असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी समजावून सांगत असे, आता माझा वेळ वाया घालवत नाही. धंदा विचित्र आहे हे मात्र कबूल. यात रुग्ण एक आणि गिऱ्हाईक दुसरंच. दुखतं झाडाला आणि बोलावतो माणूस, आणि त्याला बहुतेक वेळा झाडाचं दुखणं बरं करायचंच नसतं. त्याला उजेड हवा असतो, गाडी लावायला जागा हवी असते, शेजाऱ्याची जिरवायची असते. वृक्षवैद्य मंडळ आमच्याकडून शपथ घेतं, त्यात एक वाक्य आहे: रुग्ण बोलत नाही म्हणून त्याला काही म्हणायचं नाही, असं मी मानणार नाही. शपथ घेताना सगळे गंभीर असतात. त्यानंतर पहिलं गिऱ्हाईक भेटतं.

आणि त्यात ताणलेप आला.

झाडाला स्नायू नसतात, तरी कललेलं झाड हळूहळू सरळ होतं. ते कसं? आंबा, वड, शिरीष अशी झाडं एका बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार करतात. त्याचे धागे तयार होतानाच आखडतात, आणि खोड त्या बाजूला ओढलं जातं. चीड, देवदार यांची रीत उलटी. त्यांचं खास लाकूड फुगतं आणि खोडाला पलीकडे ढकलतं. थोडक्यात, काही झाडं ओढतात आणि काही ढकलतात. ताणलेपात जे जिवाणू असतात ते सालीखाली शिरून झाडाला एकच निरोप देतात, की इथे ते खास लाकूड तयार कर, आणि भरपूर कर. जे व्हायला झाडाला दहा-पंधरा वर्षं लागली असती, ते एका वर्षात होतं. कललेले जुने वृक्ष पडण्यापासून वाचवायला हा लेप निघाला. दोन वर्षांत लोकांना त्याचा दुसरा उपयोग सुचला. झाडं वाकवून कमानी करता येतात, पूल करता येतात, छपरं करता येतात. नखांना रंग लावावा तशी हौस सुरू झाली.

लेप एकदा मुरला की साल पूर्ववत दिसते. तो कुठे आणि किती लावलाय हे फक्त लावणाऱ्याच्या हाताला माहीत असतं. म्हणून आमच्यात एक रीत आहे. ज्याने ओढ लावली, त्यानेच ती बारीक काप देऊन सोडवायची. दुसऱ्याने त्या झाडाला करवत लावायची नाही.

*

खारवेळ नावाच्या गावात दुष्यंत खातूंचं समुद्राकाठी मोठं विश्रामगृह होतं. गावाची पहिली आळी तोवर समुद्राने गिळली होती. खातूंनी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातल्या दोन रांगा एकमेकींकडे वाकवून जिवंत झाडांचा महाल करायला घेतला होता. लेपाचं काम माझा धाकटा भाऊ निनाद करत होता. सनद माझी, चढाई त्याची, अशी आमची विभागणी. निनाद सहा वर्षं हिमाचलात चिडाच्या जंगलात दोरावर लटकून आला होता. त्याच्यासारखा चढणारा मी पाहिलेला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही याचं मला आज फार वाईट वाटतं.

वैशाखात खातूंचा फोन आला. महालाचे शेंडे अजून हातभर लांब आहेत, पावसाळ्याआधी भिडवून द्या. मी स्वतः गेले.

बघायला सुंदर होतं, खोटं का बोला. दोन्हीकडून खोडं वर चढत आत झुकलेली, आणि मध्ये हिरवट उजेड. मी पहिल्याच खोडात कानखिळा ठोकला. झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी ओढतं ते अगदी बारीक, अखंड धाग्यांनी. झाडाचा जीव कासावीस झाला की हे पाण्याचे धागे तुटतात, आणि प्रत्येक तुटण्याचा टक असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. कानखिळा तो ऐकवतो. निरोगी झाडात सावकाश एखादा टक येतो. इथे कढईत मोहरी तडतडावी तसं चाललं होतं.

मी दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे तेच.

खातू चहाचा ट्रे स्वतः घेऊन आले. पन्नाशी उलटलेला, बैलासारख्या मानेचा माणूस. "घ्या मॅडम. मग कधी भिडवताय?"

"भिडवायचं नाही, सोडवायचं आहे. ही झाडं फुटतील."

"फुटतील कशी? हिरवीगार हायत."

"फुटेपर्यंत हिरवीच असतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "निनाद तर म्हणाला सगळं बेस हाय."

"निनाद काय म्हणाला ते मी बघते. तुम्ही इथे माणसं बसवू नका. दोन वर्षं झाडांना विसावा द्या. थोडा बाक कमी होईल, पण महाल राहील."

"माझी झाडं हायत. माझ्या जागेत हायत."

"झाडं तुमची असतील. त्यांच्यावर सुरी चालवणारा हात माझा आहे."

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. मला त्यांनी मागच्या पडवीत नेलं. तिथे भिंतीला एक गंजलेला पत्रा टेकवून ठेवला होता. कडेला काळपट डाग.

"मागल्या वादळात ह्यो उडाला," खातू म्हणाले. "वैशाली, माझी बायको, अंगणात सुकी मासळी गोळा करत होती. मी दारात होतो. मान इकडं आणि बाई तिकडं. सहा पावलं चालली हो ती तशीच." त्यांनी पत्र्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्या दिवशी ठरवलं, आता पत्र्याखाली राहायचं नाय. झाडं उडत नाहीत, मॅडम. पुढलं वादळ आलं की सगळा गाव मी ह्या महालात घेणार. मला तुमचं ते टक टक सांगू नका."

त्या माणसाची कीव आली आणि त्याच वेळी भीती वाटली. ज्याचं दुःख खरं असतं त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सगळ्यात कठीण.

तरीही मी नाही म्हणाले. ते इतकंच बोलले, "चालू पडा मग."

*

निनाद आमच्या गोडाऊनमध्ये दोर गुंडाळत होता.

"किती लावलास?" मी विचारलं.

"सांगितला तेवढाच."

"खोटं बोलतोस. एवढी तडतड दुप्पट लेपाशिवाय होत नाही. कुठे लावलास?"

"आतून. आणखी कुठं?" तो म्हणाला, आणि नीट गुंडाळलेला दोर उलगडून पुन्हा गुंडाळायला लागला.

आतून हे बरोबरच होतं. सुरूचं झाड दिसायला चिडासारखं असतं. पानं सुयांसारखी, फळं शंकूसारखी. पण गोत वेगळं. सुरू ओढणारा आहे, ढकलणारा नाही. त्याला आत वाकवायचं तर लेप आतल्या अंगाला लावायचा. चिडाला आत वाकवायचं तर बाहेरच्या अंगाला. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात.

"उद्या चढ आणि सोडवायला घे," मी म्हटलं. "तू लावलंस, तूच सोडव."

"मालक नको म्हणतो. त्याला समजव तू."

"मालक गेला खड्ड्यात! झाडाचं काय?"

"झाड, झाड, झाड!" त्याने दोर फेकला. "तू खाली उभी राहून खिळे ठोकतेस ताई. वर लटकतो मी. लोकांना काय पायजे ते मी त्यांना देतो, म्हणून आपल्याला कामं येतात. तुझ्या शपथेवर कोण बोलावतंय आपल्याला?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने मला ढकललं. मागे लोखंडी मेढ होती, तिच्यावर माझं डोकं आपटलं आणि कानामागून रक्त आलं. ते पाहून तो घाबरला, जवळ आला, आणि मी त्याच्या पोटात लाथ घातली. तिशी-चाळिशीतली भावंडं आम्ही, पण गोडाऊनच्या धुळीत लोळून मारामारी केली. शेवटी तो भिंतीला टेकून धापा टाकत बसला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी समजले माफी मागतोय आणि जमत नाहीये. मी पाठ फिरवून निघून आले. आणखी जरा थांबले असते तर.

*

वादळाची सूचना दोन दिवस आधी आली. सकाळी दहाला वारा सुरू झाला तेव्हा मी खारवेळच्या वाटेवर होते. खातूंनी शब्द पाळला होता. अर्धा गाव पोराबाळांसकट, बोचकी आणि कोंबड्या घेऊन महालात बसला होता. टेकडीवरची शाळा पक्क्या स्लॅबची होती, पण तिथवर चढायचा कंटाळा, आणि इथे खातूंनी गरम पेज ठेवलेली.

मी आत पाऊल टाकलं. कानखिळा खिशात होता, तरी मला आवाज येत होता. झाडांचा आवाज नुसत्या कानाला ऐकू यायला लागला की फार वेळ उरत नाही.

"बाहेर व्हा!" मी ओरडले. "सगळे शाळेत चला! हे फुटणार आहे!"

कुणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "बाये, वारा बगितलास काय भायेर? पोरांस्नी घेऊन जाऊ कुटं?"

"आजी, शाळेत जा. हे छप्पर नाही, हा सापळा आहे."

खातू गर्दीतून आले. "परत आलात? माझ्या माणसांना भेडवायला?"

"आवाज ऐका! बहिरे आहात का?"

"वाऱ्याचा आवाज हाय तो."

"तुमच्या बायकोला पत्र्याने मारलं, यांना तुम्ही मारणार आहात," मी म्हणाले. बोलायला नको होतं. पण बोलले.

त्यांच्या हातात जाड लोखंडी टॉर्च होती. ती त्यांनी माझ्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून आला. मी गुडघ्यांवर पडले. त्यांनी पुन्हा हात उचलला तेव्हा माझ्याआधीच तिथे पोहोचलेला निनाद मध्ये आला आणि दोघांची झटापट सुरू झाली. गावातल्या चार जणांनी निनादला धरलं आणि लाथांनी तुडवायला लागले, कारण छप्पर खातूंचं होतं, पेज खातूंची होती. एवढीशी पोरं बघत होती. पेजेचं पातेलं उलटलं. कुणीतरी माझ्या केसांना धरून मला दाराकडे ओढलं.

तेव्हा मी ठरवलं. लोक माझं ऐकणार नव्हते. झाडाचं ऐकलं असतं.

दाराशी, सगळ्यांत बाहेरचं एक झाड होतं. त्याच्यापासून लोक लांब बसले होते. ते एक फोडून दाखवलं असतं तर बाकीचे आपोआप पळाले असते. जिवंत झाड मुद्दाम फोडायचं, म्हणजे मी घेतलेली शपथ स्वतःच्या हाताने मोडायची. मला रडू आलं. तोंडातलं रक्त थुंकून मी गाडीतला बॅटरीचा कटर घेतला.

ओढणाऱ्या झाडाची रीत अशी. ताण आतल्या अंगाला, म्हणून आपण बाहेरच्या अंगाला उभं राहायचं, आणि हात वळसा घालून आतून काप द्यायचा. म्हणजे खोडाची चिरलेली फळी सुटली तर ती आपल्यापासून लांब सुटते. मी समुद्राकडे पाठ करून उभी राहिले, हात पुढे घातला आणि काप सुरू केला. बोटभर लाकूड गेलं असेल.

"ताई! थांब!"

निनाद धावत येत होता. त्याचं एक डोळा मिटलेलं तोंड, फाटलेला शर्ट. "तिकडनं हो! बाहेरनं पण हाय! बाहेरनं पण लावलाय मी!"

माझा हात जागच्या जागी थांबला. माझ्या छातीपासून वीतभर अंतरावर, सालीखाली, बाहेरच्या अंगालाही ताण होता. आणि मी त्याच्या अगदी तोंडाशी उभी होते.

"चीड समजून लावला," तो दम लागत बोलला. "हाताच्या सवयीनं, सगळ्या झाडांना. मग झाडं उलटी वळायला लागली. तवा कळलं. मग आतनं दुप्पट लावला, वळवायला. तुला सांगितलं असतं तर दोर काढून घेतला असतास. मला लाज वाटली गो ताई."

मागे दारात लोक उभे राहून ऐकत होते. खातूही ऐकत होते.

आता मला सगळं कळलं. प्रत्येक खोड दोन्ही बाजूंनी ओढलं जात होतं आणि मधला गाभा त्यात चिरडत होता. अशा झाडाला एका बाजूने कापलं की दुसऱ्या बाजूची फळी सुटते, आणि तिथे जो उभा असतो तो मरतो. मी आतून बोटभर कापून बसले होते. आता ते असंच सोडलं असतं तर वाऱ्याच्या पुढच्या झोताला दारातल्या माणसांवर फुटलं असतं.

"दोघांनी," मी म्हणाले. "एकाच वेळी. दोन्हीकडून."

तो मान हलवून गाडीतला दुसरा कटर घेऊन आलाच. "बाहेरचं माझं. मी लावलंय."

मी आतल्या बाजूला गेले. मध्ये खोड, त्यामुळे एकमेकांना दिसत नव्हतो. ज्याची बाजू मागे राहील, फळी त्याच्यावर सुटणार. म्हणून प्रत्येक कापाला हाळी द्यायची. "हां!" मी म्हणायची. "हां!" पलीकडून यायचं. बारीक बारीक काप, जिन्याच्या पायऱ्यांसारखे तुटक, म्हणजे मधून पाणी चढत राहतं. त्या वेळीसुद्धा मी झाड वाचेल असे काप देत होते. हात शिकलेलं सोडत नाही. तडतड कमी व्हायला लागली. मला वाटलं, जमतंय. त्याला आज रात्री घरी नेऊन आधी डोळ्यावर शेक द्यायचा आणि मग चांगल्या शिव्या घालायच्या.

"माझं झाड!" खातूंचा आवाज आला. "हात लावू नका माझ्या झाडाला!"

मला दिसलं नाही. नंतर लोकांनी सांगितलं. त्यांनी निनादच्या कमरेचा चढाईचा पट्टा मागून धरून त्याला हिसका दिला.

"हां!" मी म्हणाले. पलीकडून उत्तर आलं नाही. माझा कटर चालत होता. मी अर्धा श्वास उशिरा थांबले.

झाड फुटताना आवाज पोटात जाणवतो. बाहेरची सगळी फळी, पुरुषाच्या दुप्पट उंचीची, खोडापासून सुटून बाहेर उलगडली. तिने निनादला छातीवर घेतलं आणि वाळूत फेकलं. मी पोहोचले तेव्हा त्याच्या बरगड्या शर्टातून बाहेर आल्या होत्या आणि गळ्यातून शीळ घातल्यासारखा वारा येत होता. त्याने माझ्याकडे एकाच डोळ्याने पाहिलं. मी त्याला निनाद, निनाद एवढंच म्हणत होते. दुसरं काही सुचलं नाही. मग शीळ थांबली.

लोक पळाले. झाडाने पटवलं त्यांना. रडणाऱ्या पोरांना काखोटीला मारून सगळा गाव शाळेच्या वाटेने पळत सुटला. शेवटची माणसं टेकडीच्या पायथ्याशी असतील नसतील, तोच आतली झाडं एकामागून एक फुटायला लागली आणि महाल स्वतःवर कोसळला. आत कुणी नव्हतं.

खातू वाळूत बसले होते. त्याच फळीने त्यांचा उजवा हात कोपराखाली नेला होता. रक्त उडत होतं. मी माझ्या कमरेचा दोर सोडला, त्यांच्या दंडाला आवळून बांधला आणि गाठ मारली. का बांधला? मी कितीदा स्वतःला विचारलं. उत्तर मिळालं नाही. मरू दिलं असतं तर कुणीही मला बोल लावला नसता.

*

पावसाळा संपल्यावर खातूंनी निरोप पाठवला. ते एक झाड अजून उभं होतं. बाहेरची फळी गेलेली, आतली बाजू हिरवी, आणि चीर हळूहळू खाली उतरत होती. होड्या ओढायची वाट तिथूनच जाते. गावाने त्याला खुनी सुरू असं नाव दिलं होतं. त्यांना ते पाडून हवं होतं, आणि खरं सांगते, मलाही ते पाडायचंच होतं. मुळापासून. मी मोठा कटर घेऊन गेले. बॅटरी रात्री दोनदा तपासली होती.

खातू एकटे उभे होते. बाही मोकळी लोंबत होती. त्यांनी नमस्कारासाठी हात उचलला आणि एकच हात आहे हे लक्षात येऊन खाली घेतला.

"पाडा मॅडम," ते म्हणाले. "मला बघवत नाय."

सवयीने मी आधी कानखिळा ठोकला. तडतड होती. चिरेच्या खालचं खोड अजून दोन्हीकडून ओढलं जात होतं. पण त्या तडतडीच्या खाली दुसरा आवाज होता, सलग, बारीक. पाणी चढत होतं. वर नवी पालवी होती. झाड मरत नव्हतं. चिरेच्या खाली दोन्ही अंगांनी ताण सोडवला तर चीर थांबली असती आणि झाड जगलं असतं.

मी तशीच उभी राहिले. राग आला, झाडाचा, स्वतःचा, त्या खिळ्याचा. कशाला ठोकला? जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले की तुमच्या रागापायी जगणारं झाड पाडणार नाही. आज गिऱ्हाईक मीच होते. निनादला ज्याने मारलं त्या लाकडाचे तुकडे मला हवे होते. पण झाडाने काय केलं होतं? त्याला ओढ म्हटलं, त्याने ओढलं. दोन्हीकडून म्हटलं, दोन्हीकडून ओढलं.

मी कटर गाडीत ठेवला आणि दोन हातकरवती काढल्या.

"पाडायचं नाही," मी म्हणाले. "सोडवायचं आहे. दोन माणसं लागतील. ज्याने ओढ लावली त्यानेच सोडवायची, अशी आमची रीत आहे. लावणारा तुमच्या शब्दावर लावत होता. तो आता नाही. त्याची बाजू तुमची."

खातूंनी करवतीकडे पाहिलं. "एका हातानं?"

"ही एका हाताचीच आहे."

"आणि मागं राह्यलो तर?"

"फळी तुमच्यावर येईल. मी मागे राहिले तर माझ्यावर."

त्यांनी मोकळी बाही कमरेत खोचली. मग करवत घेतली आणि बाहेरच्या अंगाला गेले. निनाद जिथे उभा होता अगदी तिथे.

मध्ये खोड आलं. ते मला दिसेनासे झाले.

"हां," मी म्हणाले.

"हां," पलीकडून आलं.

करवत ओढली. हां. पुन्हा ओढली. हां. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या कापाच्या मध्यावर ते माझ्या मनात आलं, आणि एकदा आल्यावर गेलं नाही. मला फक्त दोन ओढी जास्त मारायच्या होत्या. हाळी न देता, गुपचूप. कुणाला कळलं नसतं. एका हाताचा, अडाणी माणूस, मागे राहिला, असंच सगळे म्हणाले असते. माझ्या भावाला मागे ओढणारा तो माणूस त्याच जागी, तशाच फळीखाली गेला असता. माझ्या मनगटात ती जास्तीची ओढ तयार होती. मी ती अक्षरशः धरून ठेवली होती.

टक. टक टक.

कानखिळा माझ्या डोळ्यांसमोर होता. तडतड विरळ होत चालली होती.

"मॅडम?" पलीकडून आवाज आला. "हाळी नाय दिलीत."

"हां," मी म्हणाले.

"हां."

शेवटचा काप पुरा झाला तेव्हा खोड थोडंसं वर उचललं गेलं, अंग मोकळं करावं तसं. चीर जिथे होती तिथेच थांबली. खिळ्यातून एक टक आला, बऱ्याच वेळाने दुसरा, आणि मग फक्त पाणी. मी करवत पुसली. खातू खोडाला वळसा घालून आले. त्यांचं तोंड ओलं होतं.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "आज तुम्ही मला सोडणार नाय."

"मलाही वाटलं होतं."

"मग?"

"झाड फुटलं असतं," मी म्हणाले.